'नाही' न म्हणणारा राजा

फार पूर्वी, डोंगरांच्या पलीकडे एक राज्य होतं आणि त्या राज्यात राजाला राज्य करायची बंदी होती.

हसू नका, खरंच होती. राजाला सिंहासन होतं, मुकुट होता, हत्ती होता, सणाला गावोगावी जाऊन पहिला दिवा लावायचा मान होता. पण रस्ता कुठून काढायचा, तळ्याचं पाणी कुणाला द्यायचं, चोराला शिक्षा किती करायची, यातलं काही म्हणजे काही राजा ठरवत नसे. ते सभा ठरवायची. प्रत्येक गावानं आपला एक माणूस निवडून सभेत पाठवायचा, त्या सगळ्यांनी मिळून आपल्यातलाच एक प्रधान निवडायचा आणि कारभार त्यानं हाकायचा. तोही कायमचा नव्हे. चार वर्षं झाली की गावं पुन्हा निवड करत, आणि प्रधान आवडला नसेल तर त्याला खुशाल घरी बसवत.

हे असं का झालं, त्याला कारण होते राजाचे पणजोबा. ते भलतेच लहरी. एकदा पहाटे कोंबड्यानं त्यांची झोप मोडली, तर त्यांनी राज्यातले झाडून सगळे कोंबडे कापायचा हुकूम सोडला. लोकांनी चार दिवस रस्सा ओरपला. पण पुढे पिल्लं होईनात, पिल्लं नाहीत म्हणून अंडी मिळेनात. मग मात्र लोकांचं डोकं फिरलं. काठ्या घेऊन सगळे राजवाड्यावर गेले. पणजोबा लहरी होते, पण खुळे नव्हते. आता एक तर हट्ट सोडावा लागेल नाहीतर डोकं जाईल, हे त्यांनी ओळखलं आणि हट्ट सोडला. सगळ्यांनी बसून एक सनद लिहिली. तिच्यात पहिलंच वाक्य होतं, 'गादी राजाची, कारभार सभेचा.'

"मग राजा ठेवलाच कशाला?" असं तुम्ही विचाराल. तेव्हाही एकानं विचारलं होतं. त्यावर गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "अरे, उंच खुर्ची रिकामी दिसली की ज्याला त्याला तिच्यावर चढावंसं वाटतं. त्यापेक्षा एक जण बसलेला बरा. फक्त बसणाऱ्यानं कुणाच्या वाटेला जाऊ नये." लोकांना ते पटलं. प्रधान येतील नि जातील, राजा राहील. प्रधान कुठल्या तरी बाजूचा असेल, राजा सगळ्यांचा असेल.

राजाला अगदीच बोलायची बंदी होती असं मात्र नाही. सभेनं काही ठरवलं की प्रधान तो ठराव घेऊन दर सोमवारी राजाकडे येई. राजानं विचारायचं, "हे का?" काही काळंबेरं वाटलं तर सांगायचं, "जपून करा." आवडलं तर म्हणायचं, "शाब्बास!" फारच खटकलं तर ठराव एकदा माघारी पाठवायचा, की बाबांनो, पुन्हा विचार करा. पण सभेनं विचार करून पुन्हा तेच ठरवलं, तर मुकाट्यानं शिक्का उठवायचा. 'नाही' हा शब्द काही राजाच्या तोंडात यायचा नाही.

ही सवय घराण्यात इतकी मुरली होती, की जेवतानासुद्धा राजा कधी 'नाही' म्हणत नसे. आचारी वाढायला आला की तो ताटावर दोन्ही हात आडवे धरी. आचारीही असा बेरकी, की बोटांच्या फटीतून तूप सोडून मोकळा होई.

आपल्या गोष्टीतला राजा तरुण होता आणि मनानं अगदी मऊ. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की हा आधी आपला शेला पुढे करायचा. लोकांचा तर तो फारच लाडका. घरात बारसं असलं की पहिलं आमंत्रण राजाला. तोही जायचा, पाळण्याला झोका द्यायचा, घुगऱ्या खायचा आणि खुशीत परत यायचा.

आणि प्रधान? प्रधान होते केरोपंत. देवा रे! आवाज जात्याच्या घरघरीसारखा, बोलणं एरंडेलासारखं. कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलतील तर शपथ. राजानं प्रेमानं विचारावं, "पंत, कसे आहात?" तर हे म्हणणार, "कामाचं बोलू." सोमवार उजाडला की राजा अंथरुणातून उठायलाच उशीर करायचा. लोकही पंतांच्या नावानं बोटं मोडत. पण माणूस सरळ होता, म्हणून सभेनं त्यांना निवडलं होतं.

एका वर्षी पावसानं डोळे वटारले. राज्यातल्या थोरल्या तळ्यात निम्मंसुद्धा पाणी साठलं नाही. त्या तळ्यावर दोन मोठी गावं जगायची. एक वरवडी, राजवाड्याच्या अगदी पायथ्याशी. दुसरं खालवडी, दिवसभराच्या वाटेवर, दूर. तळ्याला मोरी होती. मोरीचं दार इकडे फिरवलं की पाणी वरवडीच्या पाटाला, तिकडे फिरवलं की खालवडीच्या.

सभेत वरवडीचा माणूस आणि खालवडीचा माणूस घसा बसेपर्यंत भांडले. एकानं दुसऱ्याची सात पिढ्यांची उणीदुणी काढली. शेवटी सभेनं ठरवलं, की पाणी पाळीपाळीनं सोडायचं. आठ दिवस एका गावाला, आठ दिवस दुसऱ्याला. थोडं थोडं दोघांचंही वाळेल, पण दोघंही तगतील. पहिली पाळी कुणाची, यासाठी चिठ्ठी टाकली, ती खालवडीची निघाली. दोन्ही गावं कुरकुरली.

"दोघंही नाराज आहेत ना?" केरोपंत म्हणाले, "म्हणजे वाटणी बरोबर झाली असावी."

त्याच दिवशी वरवडीची माणसं राजवाड्यावर आली. पुढे होती यसाबाई. तिची मोसंबीची बाग होती, पोरांसारखी वाढवलेली. तिनं पदरातून सुकलेला पाला काढून राजाच्या पायांशी ठेवला.

"महाराज, आठ दिवस माणूस थांबंल. झाड थांबंल का हो?" ती म्हणाली.

राजानं तो पाला उचलून हातात घेतला. त्यानं यसाबाईला हाताला धरून उठवलं, पाणी प्यायला दिलं. खालवडीचं त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. एवढ्या लांबून येणार कोण?

सोमवारी केरोपंत ठराव घेऊन आले.

"हे का?" राजानं विचारलं.

"पाणी कमी आहे, तोंडं जास्त आहेत."

"जपून करा, पंत. वरवडीच्या बागा जातील. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बागा खालवडीतही आहेत, महाराज. फक्त त्यांच्या झाडांना इथवर चालत येता येत नाही."

राजाला राग आला. त्यानं ठराव माघारी पाठवला. सभा पुन्हा बसली, पुन्हा दिवसभर भांडली आणि पुन्हा तेच ठरलं. पंत तोच ठराव घेऊन पुन्हा राजासमोर उभे राहिले. शिक्का ठेवलेला, लाख तापवलेली. राजानं हात पुढे केला. तेवढ्यात त्याला यसाबाईचा चेहरा आठवला आणि हात तिथेच थांबला.

"नाही," राजा म्हणाला.

पंखा ढाळणाऱ्या सेवकाच्या हातून पंखाच गळून पडला. चार पिढ्यांत त्या महालात हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालात?" केरोपंतांनी विचारलं.

"नाही म्हणालो. पाणी आधी वरवडीला जाईल. खालवडीचं पुढे बघू."

केरोपंत कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "महाराज, तुमचं मन चांगलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या पाठून गादीवर येईल त्याचंही असंच असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आज तुम्ही चांगल्यासाठी सनद मोडलीत. उद्या तो कोंबड्यांसाठी मोडील."

"उद्याचं उद्या!" राजा तडकला. "माझी माणसं रडताहेत, पंत. तुमच्यासारखं मला दगड होऊन बसता येत नाही."

"मग माझं इथे काम काय?" पंतांनी अंगावरची प्रधानकीची शाल काढली, नीट घडी केली, आसनावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेले.

वरवडीच्या पाटाला पाणी आलं. यसाबाईची झाडं वाचली. वरवडीकरांनी राजाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, बायकांनी ओव्या रचल्या. "राजा असावा तर असा! सभा म्हणजे नुसती तोंडाची वाफ." राजाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायचं तर त्याला इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

आता शब्द राजाचाच चालतो म्हटल्यावर सभेत जायचं कुणी? आठ-पंधरा दिवस माणसं आली, एकमेकांची तोंडं बघत बसली, मग एकेक करून आपापल्या गावी गेली. सभागृहात पारवे घुमू लागले. आणि राजवाड्यापुढे रीघ लागली.

"महाराज, शेजाऱ्याची म्हैस माझ्या कुंपणात शिरते."

"महाराज, जावई तीन महिने झाले माझ्याशी बोलत नाही."

"महाराज, जत्रा आधी आमच्या गावची का त्यांच्या?"

राजा सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवाडे करायचा. रात्री आईसाहेबांना कौतुकानं सांगायचा, "आई, लोकांना मी हवा आहे."

आईसाहेब फटकळ. त्या म्हणाल्या, "लोकांना तू हवा होतास तेव्हा ते तुला बारशाला बोलवायचे. आता कज्ज्याला बोलवतात."

राजाला ते झोंबलं, पण विचार केल्यावर लक्षात आलं, की खरंच, कित्येक दिवसांत आपण एकही पाळणा हलवला नाही. कसं हलवणार? प्रत्येक निवाड्यात एक जिंकायचा आणि एक हरायचा. जिंकणारा चार दिवसांत विसरायचा. हरणारा मात्र जन्मभर लक्षात ठेवायचा. पूर्वी लोक प्रधानावर चिडत, सभेवर चिडत, आणि चिडून झालं की राजाकडे येऊन शांत होत. आता चिडायचं ते राजावरच. शिवाय आता राजाला "हे का?" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानं काहीही म्हटलं तरी भोवतालचे लोक म्हणत, "वा! वा!"

या सगळ्या गडबडीत खालवडीची पाळी राहूनच गेली. राजा काही वाईट नव्हता हो. रोज म्हणायचा, उद्या दार फिरवू. पण वरवडीकर रोज समोर दिसत, रोज म्हणत, "महाराज, अजून दोनच दिवस," आणि राजाचं मन मोडवत नसे. खालवडीची दोन म्हातारी माणसं एकदा चालत आली, गर्दीच्या मागे दिवसभर उभी राहिली, त्यांचा नंबर काही लागला नाही. तशीच परत गेली. सभा असती तर खालवडीचा माणूस तिथे बाकावर उभा राहून बोंबलला असता. आता बोंबलायला जागाच नव्हती.

मग जे व्हायचं तेच झालं. एका सकाळी खालवडीचे तरणेताठे लोक पहारी घेऊन तळ्यावर आले आणि त्यांनी मोरीच्या दाराला हात घातला. वरवडीचे काठ्या घेऊन धावले. दगड भिरभिरले, डोकी फुटली, यसाबाईच्या मुलाचा पाय मोडला. त्या झोंबाझोंबीत मोरीचं दारच निखळलं. पाणी ना या पाटात गेलं ना त्या पाटात, ओढ्यानं खळाळत रानोमाळ वाहून गेलं. संध्याकाळी दोन्ही गावं काठावर उभी राहून बघत होती. तळ्यात नुसता चिखल होता आणि चिखलात मासे तडफडत होते.

राजा ते ऐकून त्या रात्री जेवला नाही.

पुढच्याच आठवड्यात दिव्यांचा सण आला. राजानं ठरवलं, या वेळी पहिला दिवा खालवडीत लावायचा. तो हत्तीवरून निघाला. मागे सेनापती, चार घोडेस्वार. गावात शिरले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकूण एक घराची दारं लावलेली. आतून माणसांचा आवाज येत होता, पण एक दार उघडेना. चावडीवरच्या राजाच्या झेंड्यावर कुणी तरी शेण फेकलं होतं.

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या गावात आपण पाळणे हलवले, त्या गावात आपल्याला दार बंद! त्याला एवढं कधीच लागलं नव्हतं.

सेनापती घोडा जवळ घेऊन म्हणाला, "महाराज, नुसती मान हलवा. दिवे लागायच्या आत सगळी दारं उघडतील."

हे खोटं नव्हतं. सैन्य राजाचं होतं, आणि अडवायला ना सभा होती ना प्रधान. मान हलवली की काम झालं असतं. राजानं त्या बंद दारांकडे पाहिलं.

"दारं उघडतील हो, सेनापती," तो म्हणाला. "पण मग पुढच्या वर्षी पुन्हा सैन्य आणावं लागेल. त्याच्या पुढच्या वर्षी जास्त आणावं लागेल. चला, परत फिरा."

परतताना राजवाड्याचा रस्ता आला तेव्हा राजा हत्तीवरून उतरला आणि एकटाच पायी केरोपंतांच्या घरी गेला. पंत ओसरीवर बसून पावटे सोलत होते. राजाला बघून उठले, वाकले आणि म्हणाले, "बसा. कामाचं बोलू."

राजा जमिनीवरच बसला. "पंत, त्यांनी माझ्या झेंड्यावर शेण फेकलं."

"फेकलं असेल. माझ्या दारावर तर दरसाल फेकतात. हे बघा, डाग अजून आहे. मी धुतो आणि सोमवारी कामावर येतो. प्रधान त्याकरताच असतो, महाराज. लोकांना राग येणारच. तो फेकायला एक दार लागतं, आणि ते दार बदलता येण्यासारखं लागतं. प्रधान चुकला तर लोक प्रधान बदलतील. राजा चुकला तर त्यांनी काय बदलायचं?"

राजानंही एक पावटा उचलून सोलला. मग म्हणाला, "पण यसाबाईची झाडं खरंच वाळत होती, पंत."

"होती ना. तुमचा कळवळा खोटा होता असं कोण म्हणतंय? पण तुम्हाला एकच यसाबाई दिसली. सभेत सगळ्या गावांच्या यसाबाया येतात. म्हणून तर तिथे एवढा गोंगाट असतो."

"आता काय करू?"

"मला काय विचारता? गावांना सांगा, माणसं परत पाठवा. सभा भरली की तिच्यापुढे उभे राहा आणि काय केलंत ते सांगा."

राजानं सभेपुढे उभं राहून चूक कबूल करायची, असं कधी घडलं नव्हतं. पण राजानं ते केलं. पारवे हुसकून, सभागृह झाडून सभा भरली. राजा मधोमध उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "जो शब्द माझा नव्हता तो मी बोललो. चांगल्या हेतूनं बोललो, पण त्यामुळे खालवडीचं शिवार वाळलं, वरवडीची डोकी फुटली आणि सगळ्यांचं पाणी गेलं. पुन्हा असं होणार नाही. तुम्ही ठरवाल त्यावर मी शिक्का उठवीन."

मग खालवडीचा माणूस उठला आणि त्यानं राजाला असं झाडझाड झाडलं, की ऐकणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. त्यानंतर वरवडीचा उठला, त्यानं खालवडीकरांची खरडपट्टी काढली. राजा उभ्यानं सगळं ऐकत होता. दुपार टळून गेली. सगळ्यांचे घसे बसले, पण काठी कुणीच उगारली नाही. संध्याकाळी सभेनं केरोपंतांना पुन्हा प्रधान केलं आणि ती कामाला लागली.

काम सोपं नव्हतं. लांबच्या नदीवरून पखाली भरून बैलांवर पाणी आणायचं, मोरी नव्यानं बसवायची, आणि तळं कोरडं पडलंच आहे तर त्यातला गाळ उपसायचा. पंतांनी हुकूम काढला, घरटी एक माणूस गाळ काढायला आला पाहिजे. श्रीमंत नाही, गरीब नाही, सबब नाही. राजवाड्यातूनही एक माणूस गेला पाहिजे म्हटल्यावर राजा स्वतः गेला. यसाबाईच्या शेजारी उभं राहून त्यानं पाट्या उचलल्या. लोकांनी पंतांना शिव्यांची लाखोली वाहिली. "मेला खडूस! आपण सावलीत उभा राहतो नि आम्हाला राबवतो."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. गाळ निघाल्यामुळे तळं पूर्वीपेक्षा जास्त भरलं. पाळ्या ठरल्या, पाळल्या गेल्या. आता लोक पंतांचे पाय धरतील, असं तुम्हाला वाटलं असेल. कसलं काय! लोक म्हणाले, "पाऊस देवानं दिला, गाळ आम्ही काढला, पंतांनी काय केलं?" निवडीचं वर्ष आलं आणि गावांनी पंतांच्या बाजूची माणसं पाडली. नव्या सभेनं सखोजी नावाचा हसतमुख, गोडबोल्या माणूस प्रधान निवडला. तो कारभार कसा करील, देवालाच ठाऊक.

राजाला फार वाईट वाटलं. आता तर सोमवारची तो वाट बघायचा. पंतांचं एरंडेल त्याला गुणकारी वाटू लागलं होतं. आणि लोक पुन्हा त्याच्यावर जीव टाकू लागले होते. चावडीवर उभं राहून त्यानं नुसतं म्हटलं असतं, "बाबांनो, पंत राहू द्या," तर निम्म्या राज्यानं ऐकलं असतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच जिवाची तगमग होत होती.

नव्या प्रधानाच्या नेमणुकीवर शिक्का उठवायचा दिवस आला. दरबार भरला. त्या दिवशी शेजारच्या राज्याचा दूतही येऊन बसला होता. त्याच्या राज्यात गादीवरून दोन भावांची नुकतीच लढाई झाली होती, निम्मं शहर जळालं होतं. केरोपंत शाल परत करायला आले. आवाज नेहमीचाच होता, पण शाल देण्याआधी म्हाताऱ्यानं तिची घडी मोडून पुन्हा घातली. त्यांनाही लागलं होतं. कुणाला लागणार नाही?

राजा हलकेच म्हणाला, "पंत, हे बरोबर झालं नाही."

"नसेल झालं," पंत म्हणाले. "पण लोकांना चुकायचाही हक्क आहे, महाराज. त्यांची चूक त्यांना चार वर्षांनी सुधारता येते. तुम्ही आता बोललात, तर ती चूक तुमची असेल, आणि ती कुणालाच सुधारता येणार नाही. उठवा शिक्का."

राजाचे डोळे भरून आले. त्यानं शिक्का घेतला, लाखेवर टेकवला आणि दाबला. सखोजीनं शाल पांघरली. त्यानं वाकून केरोपंतांना नमस्कार केला, केरोपंतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्दीतून वाट काढत ते घरी निघाले. कुणी त्यांना शिवी दिली, कुणी रामराम केला. बाहेर बाजार चालू होता.

दूत चकित होऊन बघत होता. शेवटी त्यानं राजाला विचारलं, "महाराज, म्हणजे राज्याचा कारभार बदलला म्हणता? एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला?"

"गेला."

"मग लढाई कुठे झाली?"

राजानं डोळे पुसले. "झाली ना," तो म्हणाला. "आत्ताच झाली, तुमच्यादेखत. मी एकटाच होतो, म्हणून तुम्हाला दिसली नाही."

तात्पर्य: चांगल्या कामासाठी मोडलेला नियमसुद्धा मोडलेलाच असतो. आणि ज्याला अडवायला कुणी नाही, त्यानं स्वतःला अडवलं, की राज्यात कुणालाच काठी उचलावी लागत नाही.